जागेचा दाखला

मामोरू आला तेव्हा चिझुरू ट्रॅक्टरखाली उताणी पडून बर्फ ढकलायच्या पात्याचे बोल्ट आवळत होती. तिला आधी त्याचे बूट दिसले. पातळ तळव्याचे, चकचकीत, शहरी. असले बूट घालून ऐन फेब्रुवारीत नेमुरी तलावाच्या गावात येणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर नवखा झालेला असतो. हा दुसऱ्या प्रकारातला. याच गावात जन्मला, इथल्याच बर्फात लोळून मोठा झाला, आणि तीन हिवाळे टोकियोत काढून सगळं विसरला.

"चिझू, आहेस का?"

"खाली आहे. बोल."

कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर यायचीच. चिझुरूला ती कधी येते एवढंच बघायचं होतं. तिने घाई केली नाही. उरलेले बोल्ट आवळले, पाना पुसला, मग बाहेर आली आणि एकेकाळी आपला नवरा असलेल्या माणसाकडे नीट पाहिलं. केस रंगवलेले होते.

शेडच्या बाहेर त्याची नवी गाडी उभी होती आणि तिचा हँडब्रेक करकचून ओढलेला होता. चिखलबर्फातून आलेल्या ओल्या गाडीचा हँडब्रेक इथे कुणी ओढत नाही. गिअरमध्ये टाकतात, वायपर उभे करतात आणि घरात जातात. ओढला की आतलं पाणी गोठतं आणि मागची चाकं बर्फाला चिकटून बसतात. हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. चिझुरू त्याला सांगू शकली असती. त्याऐवजी तिने चहा ठेवला. मग पाल्याचं लोणचं काढलं. मग परत चहा ठेवला.

"पुढच्या रविवारी इथे तलावावर माझा कार्यक्रम आहे," मामोरू म्हणाला. "टायर कंपनीचा. मालक स्वतः येतायत, निशिवाकीसान. त्यांना समोर बघायचंय, व्हिडिओ नकोय. माझी पाठ तर तुला माहितीये."

"काय झालंय पाठीला?"

"सगळ्यांना सांगितलंय तेच. दुखते म्हणून तीन वर्षं चालवली नाही."

चिझुरू हसली नाही. तो काय मागायला आलाय हे तिला तो दारात उभा राहिला तेव्हाच कळलं होतं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच.

"तू एकदा बस. शेवटचं. हेल्मेट घालून. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही ते."

*

गोष्ट अशी होती. चिझुरूकडे एक फिकट निळी, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार होती. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि मागच्या चाकांवर वजन म्हणावं तर काहीच नाही. गावातले शहाणे लोक चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या चालवतात. असली गाडी डिकीत वाळूची पोती टाकल्याशिवाय दारातला चढसुद्धा चढत नाही, जागच्या जागी चाकं फिरवत रडत बसते. पण चिझुरूला ती कळली होती. बर्फावर तिला वळवायची नसते. घसरू द्यायची असते, आणि घसरत असताना हलक्या हाताने तिचं मन वळवायचं असतं. पाय जरा जास्त पडला की गाडीचा मागचा भाग पुढे येऊन तुमच्याकडेच बघतो.

गोठलेल्या तलावावर चिझुरू ती गाडी अशी आडवी चालवायची की बघणाऱ्याने श्वास रोखावा. एकेक लांब वळण संपलं की ती पिवळ्या दिव्यांचं बटण दाबायची आणि दिवे दोनदा लुकलुकले की बंद करायची. रस्त्यात कुणी वाट दिली की इथे तसे आभार मानतात. तिला वाट बर्फाने दिलेली असायची, म्हणून ती बर्फाचे मानायची. ती लाज वाटून हे कुणाला सांगत नसे.

मामोरू काठावर उभा राहून चित्रण करायचा. हेल्मेटची काच काळी, अंगात पांढरा डगला. त्याने पहिला व्हिडिओ टाकला तेव्हा लोकांनी खाली लिहिलं, काय गडी आहे. दोघंही त्या रात्री पोट धरून हसली. मग लोकांनी त्या गड्याला नाव दिलं, बर्फाचा राक्षस, आणि शेवटी लुकलुकणाऱ्या दिव्यांना म्हणायला लागले राक्षसाची सही. मग मामोरू हेल्मेट काखेत धरून मुलाखती द्यायला लागला. तेव्हा मात्र हसणारा तो एकटाच उरला.

"एकदा खरं सांगून टाक," ती म्हणाली होती.

"अगं, आत बाई आहे म्हटल्यावर कोण बघणार?" तो म्हणाला होता. तिच्याकडून भात वाढून घेत, अगदी सहज.

ते वाक्य चिझुरूच्या पोटात गेलं आणि तिथेच राहिलं. पुढे संसार मोडला. पण खरा घाव तेव्हाही बाकी होता. गाडी नावावर करायची तर ती उभी करायला आपली जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो. लग्नाआधी चिझुरू भाड्याच्या खोलीत राहायची. मामोरूच्या घराला गॅरेज होतं. म्हणून गाडी घेतली तिने आणि नाव लागलं त्याचं. आपलंच तर आहे सगळं, असं दोघांनीही म्हटलं होतं. सामान वाटून घ्यायच्या दिवशी मामोरूने गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि म्हणाला, "जागा माझी, म्हणून गाडी माझी. मी नाही म्हणत, दाखला म्हणतोय."

आयत्या बिळावर नागोबा ऐकून सगळ्यांना माहीत असतो. चिझुरूने त्याला भात वाढला होता.

*

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण मग गाडी परत माझी."

"दिली," मामोरू लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की तो द्यायचा नाही हे तिला पक्कं कळलं. त्याचा शब्द म्हणजे मार्चमधला बर्फ, वरून पांढरा आणि खाली पाणी. पण तिला त्याचा शब्द नकोच होता. तिला तो त्या सीटवर हवा होता. एकदाच, सगळ्यांच्या देखत, खाली बर्फ आणि हातात ते चाक. तिने तीन हिवाळे दुसरं काही मागितलं नव्हतं.

"पोती माझी आणीन," ती म्हणाली. "वाळू भरलेली. तुझ्याकडे नसतील."

"आण की. आणि गाडीत माईक असणारे, तिकडे काठावर कर्ण्यांतून ऐकू जातं. एक अक्षर बोलू नकोस."

"मी कधी बोलले?"

त्यांनी ठरवलं ते साधं होतं. तलावावरचा बर्फ साफ करायचं काम दर वर्षी चिझुरूकडेच असायचं. लांबच्या कोपऱ्यात तिने बर्फाचा उंच ढीग घालायचा. तिचा ट्रॅक्टर त्याच्या मागे उभा राहील, म्हणजे ती तिथे का, असं कुणी विचारणार नाही. फेरी मारून गाडी ढिगामागे गेली की अदलाबदल. मामोरूने हेल्मेट घालून गाडी हळूच तंबूपाशी न्यायची, उतरायचं, हात हलवायचा.

तो जायला निघाला तेव्हा बाहेर चांगलंच गारठलं होतं. गाडी सुरू झाली, मागची चाकं हलली नाहीत. त्याने पुढे-मागे करून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, त्या पातळ बुटांनी चाकावर लाथा घातल्या. चिझुरू खिडकीत उभी राहून उरलेलं लोणचं खात होती. शेवटी तो गरम पाण्याची किटली मागायला आला, ती तिने दिली. रविवारच्या मानाने हे काहीच नव्हतं.

*

रविवारी आकाश निळंभोर होतं आणि थंडीने कान तुटत होते. काठावर तंबू, कर्णे, भाजी भरून भाजलेल्या ओयाकी पावांची शेगडी, आणि लोक. तलावाची व्यवस्था बघणारे म्हातारे तात्सुजीसान काठीने बर्फ ठोकत फिरत होते. त्याची काही गरज नव्हती, पण पाहुण्यांना ते आवडायचं.

चिझुरू नारिंगी कामाच्या कपड्यांत होती. शेगडीवरची गरम ओयाकी घेऊन ती सरळ निशिवाकीसानांकडे गेली. ऐंशीच्या घरातला सुकलेला म्हातारा, फरची टोपी घातलेला, डोळे मात्र पोरासारखे.

"खा, हात शेकतील," ती म्हणाली. "राक्षसाला बघायला आलात?"

"हो. तुम्ही इथल्याच ना? खरंच तेवढा भारी आहे का हो तो?"

"लांबून काय कळणार? शेजारी बसून बघा. आमच्याकडे रीतच आहे. पहिली फेरी बर्फाची, दुसरी पाहुण्याची. पाहुण्याला नाही म्हटलं तर वर्षभर अपशकुन."

असली रीत नेमुरी तलावावर कधीही नव्हती. ओयाकीचा कागद उलगडता उलगडता चिझुरूने तिला जन्म दिला होता. पण म्हाताऱ्या माणसाला जुनी रीत म्हटली की पुरे. "असं?" तो म्हणाला आणि टोपी घट्ट केली.

मग ती ढिगामागे गेली. तिथे मामोरू पांढऱ्या डगल्यात कुडकुडत उभा होता आणि शेजारी ती गाडी. तिने तिला तीन हिवाळ्यांनी पाहिलं. डाव्या दाराला नवा ओरखडा होता. चिझुरूने त्यावरून अंगठा फिरवला. पोती डिकीत रचली, दुसरा डगला अंगात चढवला, हेल्मेट घातलं.

पुढे काय झालं ते ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. गाडी ढिगामागून बाहेर आली तीच आडवी. पहिल्या वळणाला तिने नाक तंबूकडे धरलं आणि शेपूट डोंगराकडे, आणि तशीच लोकांसमोरून गेली. मागे बर्फाची पूड उडत होती. स्टिअरिंगच्या चाकातून येणारी बारीक थरथर तळहाताला लागताच तिला कळलं की हात काही विसरलेले नाहीत. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि पाय मात्र शांत होता. वळण संपलं. पिवळे दिवे दोनदा लुकलुकले. काठावर एकच ओरडा झाला.

"राक्षसाची सही," कर्ण्यातून निवेदक म्हणाला. "बघा, अजून एक शब्द बोलला नाही पठ्ठ्या."

*

ढिगामागे येऊन तिने गाडी थांबवली आणि हेल्मेट त्याच्या हातात दिलं.

"झकास," मामोरू कुजबुजला. गाडीतल्या माईकच्या भीतीने तेवढं एकच बोलला, पुढचं खुणांनी. तिने डिकी उघडून पोती काढायला घेतली, तेव्हा त्याने खुणेनेच विचारलं, हे कशाला?

"माझी आहेत," ती हळूच म्हणाली. "तुला काय, तंबूपर्यंत तर जायचंय."

त्याने मान डोलावली. हाच माणूस कधीकाळी इथे पोरगा होता आणि पोत्यांशिवाय या गाडीला कुणी हात लावत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण कौतुक ऐकायला कान आतुर झाले की डोकं काम करत नाही. तो बसला, हेल्मेट घातलं आणि गाडी चोरपावलांनी तंबूपाशी नेली. तो उतरणार, तोच निवेदकाचा आवाज आला.

"मंडळी, निशिवाकीसानांची इच्छा आहे की रीतीप्रमाणे दुसरी फेरी पाहुण्याची."

चिझुरू ट्रॅक्टरवर चढून बसली. तिथून सगळं दिसत होतं. मामोरूने हेल्मेटसकट नकाराची मान हलवली, पाठीवर हात ठेवला. पण पाठ दुखणारा माणूस आत्ताच राक्षसासारखा नाचून आला होता. आणि म्हातारा तोवर दार उघडून आत बसलासुद्धा, पट्टा लावून मोकळा.

बाकी सगळ्याचं सोंग आणता येतं. बर्फावरच्या गाडीचं आणता येत नाही.

आधीच्या फेरीने बर्फ आरशासारखा घासला गेला होता. मामोरूने पाय दिला, चाकं जागीच फिरली. लोक हसले, त्यांना वाटलं राक्षस गंमत करतोय. त्याने अजून पाय दिला. मग गाडी एकदम सुटली आणि पहिलं वळण समोर आलं. त्याने घाबरून ब्रेक दाबला. मागून हलकी झालेली गाडी सावकाश, अगदी निवांत, उलटी फिरायला लागली. आणि तलावभर लावलेल्या सगळ्या कर्ण्यांतून एक किंचाळी आली.

"चिझू! चिझू, काय करू?"

गाडी अख्खी फिरली आणि शेपटाकडून बर्फाच्या कडेत जाऊन रुतली. ती कड चिझुरूने सकाळीच मऊ, भुसभुशीत ठेवली होती. म्हाताऱ्याला खरचटायला नको होतं, त्याच्याशी तिचं काही भांडण नव्हतं. इंजिन बंद पडलं. काठावरच्या माना कर्ण्यांकडे वळल्या.

"चिझू कोण?" कुणीतरी विचारलं, आणि तो प्रश्न माणसामाणसांतून फिरत गेला. गावचे लोक मात्र काही विचारत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते.

तात्सुजीसान काठी टेकत ट्रॅक्टरपाशी आले. "तुला हाक मारतोय तो, चिझुरू."

"ऐकलं."

"मला माहीत होतं गं. पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत नव्हतीस ना. दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं बोलायचं?"

त्यांचाही तिला राग आला. पण तो नंतर बघता येण्यासारखा होता. तिने ट्रॅक्टर सुरू केला.

*

रुतलेल्या गाडीला तिने दोर बांधला आणि ओढून बाहेर काढलं. निशिवाकीसान उतरले, टोपीतला बर्फ झटकला. मामोरू आतच बसून होता, हेल्मेटसकट. जणू काच काळी आहे तोवर तो तिथे नव्हताच.

"चिझू म्हणजे तुम्हीच?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मी इथला बर्फ साफ करते."

"हं." त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरवरच्या पोत्यांकडे. धंदा करून म्हातारा झालेला माणूस तो, त्याला दोन आणि दोन किती हे कुणी सांगावं लागत नव्हतं. "माझी फेरी अर्धवट राहिली. रीत मोडली तर वर्षभर अपशकुन, असं तुम्हीच म्हणालात."

चिझुरूने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "उतर."

"चिझू, प्लीज. लोक बघतायत," मामोरू म्हणाला. माईक अजून चालू होता. हेही सगळ्यांनी ऐकलं.

"म्हणूनच उतर."

तो उतरला. तिने पोती डिकीत टाकली आणि हेल्मेटला हातही लावला नाही. केस मागे बांधले, नारिंगी कपड्यांतच आत बसली. म्हातारा शेजारी. मग तिने ती फेरी मारली. आधीची फेरी राक्षसाची होती, त्यात राग होता. या फेरीत तिने गाडीला घाई केली नाही. बाजूच्या काचेतून तिचा उघडा चेहरा काठावरच्या प्रत्येक माणसासमोरून सावकाश गेला. डोंगराकडचं लांब वळण तिने एका दमात आडवं घेतलं. म्हातारा हसत होता. वळणाच्या टोकाला मामोरू उभा होता, पांढऱ्या डगल्यात, काखेत हेल्मेट. मुलाखतीत धरायचा तसंच.

ती त्याच्यासमोरून गेली आणि पिवळे दिवे दोनदा लुकलुकले.

लोकांनी आधी दिव्यांकडे पाहिलं आणि मग काखेतल्या हेल्मेटकडे. एक बाई टाळ्या वाजवायला लागली. मग सगळ्यांचे फोन वर आले, आणि मामोरूने एवढी वर्षं जे चित्रण केलं नव्हतं ते शे-दीडशे लोकांनी केलं. चिझुरूच्या पोटातलं ते वाक्य हललं. कोण बघणार? हे बघतायत. तिला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि त्याबद्दल तिला जराही वाईट वाटलं नाही.

म्हाताऱ्याला तिने तंबूपाशी उतरवलं. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, तिनेही केला. मग ती थांबली नाही की उतरली नाही. काठावरून रस्त्याला लागली आणि सरळ घरी गेली.

*

मामोरू ऊन कलताना चालत आला. त्याची स्वतःची गाडी तलावावर होती. हँडब्रेक पुन्हा गोठला होता, आणि या वेळी किटली द्यायला कुणी पुढे आलं नव्हतं. पातळ बूट भिजून काळे पडले होते.

"सगळं संपवलंस," तो म्हणाला.

"हो."

"किल्ली दे."

"फेरी मारली की गाडी माझी, त्याला हो कोण म्हणालं होतं?"

"म्हणालो असेन. पण कागदावर नाव माझं आहे. दाखला माझा आहे. कायद्याने—"

चिझुरूने मागे वळून शेडमध्ये पाहिलं. ट्रॅक्टरच्या रिकाम्या जागेत निळी गाडी उभी होती. गिअरमध्ये टाकलेली, हँडब्रेक सोडलेला, वायपर उभे. अंगावरचा बर्फ वितळून खाली टपकत होता.

"कुठे उभी आहे ती?"

त्याने शेडमध्ये डोकावून पाहिलं.

"मामोरू, जागा कुणाची आहे?"

त्याने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. शेजारची म्हातारी फावडं घेऊन दारात उभी होती आणि बर्फ काढायचं विसरून ऐकत होती.

"मी नाही म्हणत," चिझुरू म्हणाली. "दाखला म्हणतोय."

तिने आतून शटर खाली ओढलं. तो बराच वेळ बाहेर उभा राहिला, शटरच्या खालच्या फटीतून ते ओले बूट दिसत होते. मग ती गाडीत बसली आणि बटण दाबलं. फटीतून पिवळा उजेड त्या बुटांवर पडला, दोनदा.